बॅकअप उतरवताना ड्राइव्ह ओळखा



संगणक अचानक बंद पडला,
पण सिस्टीमचा बॅकअप हाताशी आहे.
जिवात जीव येतो ना?

आता एकच गोष्ट सांभाळायची.
बॅकअप योग्य ड्राइव्हवरच उतरवायचा.

कारण हा बॅकअप, म्हणजे सिस्टीम इमेज, परत आणताना
त्या ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.
फोटो, दुकानाचे हिशेब, मुलांचे प्रकल्प...
सगळं.

विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यावर
ड्राइव्हची अक्षरं बदललेली दिसू शकतात.
रोजचा सी, तिथे डी म्हणून समोर येतो.
म्हणून अक्षरावर विसंबू नका.
ड्राइव्हची क्षमता पाहा.
कंपनीचं नाव पाहा.
दोन ड्राइव्ह सारख्याच क्षमतेचे असतील,
तर हमखास गोंधळ होतो.

माझ्या मते खात्रीचा उपाय एकच.
संगणक बंद करा.
प्लग काढा.
जिच्यात बॅकअप आहे ती डिस्क,
आणि ज्यावर तो उतरवायचा तो ड्राइव्ह,
एवढंच जोडलेलं ठेवा.
बाकीच्या ड्राइव्हच्या केबल काढून ठेवा.
जे जोडलेलंच नाही, ते पुसलं जाणार नाही.

केबल काढणं जमत नसेल,
तर विंडोजच्या सिस्टीम इमेज रिकव्हरीत
‘एक्सक्लूड डिस्क्स’ असं बटण असतं.
ते दाबा.
ज्या डिस्कला हात लागू द्यायचा नाही, तिच्यावर खूण करा.

शेवटचं बटण दाबण्याआधी थांबा.
ड्राइव्ह योग्य आहे ना,
हे घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा.
घाई अजिबात नको.

संगणक नीट सुरू झाला,
की तो पुन्हा बंद करा,
आणि मगच बाकीच्या केबल जोडा.