कंपवाताच्या घरांना सोबत हवी

(विहाराच्या वर्धापनदिन कार्यक्रमात नांदेड-लातूरच्या काही कुटुंबांच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या आनंदाच्या कार्यक्रमात एका आजारावर बोलायला समितीने आम्हाला वेळ दिला, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. आम्ही डॉक्टर नाही. घरात कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा पेशंट असलेली नांदेड आणि लातूरकडची आम्ही काही कुटुंबं आहोत. दवाखान्याच्या बाकावर ओळखी झाल्या आणि एकमेकांना धीर देता देता आम्ही एकत्र आलो.

११ एप्रिल हा दिवस आपल्या सर्वांना पाठ आहे. १८२७ साली याच तारखेला महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म झाला. लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन हेही ११ एप्रिललाच, १७५५ साली जन्मले. त्यांनी १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला, म्हणून त्यांचं नाव आजाराला मिळालं आणि त्यांचा जन्मदिवस जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे आयुर्वेदात याला पूर्वीपासून कंपवात म्हणतात.

हे होतं कशानं? मेंदूच्या आतल्या भागात डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात. हात-पाय सुरळीत हलायला हे रसायन लागतं. त्या पेशी हळूहळू मरत जातात. हात मांडीवर स्वस्थ ठेवला तरी थरथरतो, चाल मंदावते, अंग आखडतं, पुढे तोल जातो. पण प्रत्येकाला कंप असतोच असं नाही, आणि प्रत्येक कंप म्हणजे पार्किन्सनही नव्हे. थायरॉईडनं किंवा काही औषधांनीही हात थरथरतो. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवूनच निदान करावं. हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवलं तरी तो लागत नाही.

चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, मग माणूस रागावलाय असं नातवंडांना वाटतं. आवाज बारीक होतो. अक्षरही बारीक होत जातं आणि बँकेत सही जुळत नाही. बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांचं ऐकून आपल्या आई-वडिलांच्या पिढीनं अंगठा सोडला आणि सही शिकली. त्यातल्याच एखाद्यावर म्हातारपणी पुन्हा अंगठा द्यायची पाळी आली, तर त्याच्या जिवाला काय वाटत असेल!

त्यात लोक काय म्हणतात? रस्त्यानं झोकांडी गेली की म्हणतात, "दिवसाढवळ्या पिऊन आलाय." आयुष्यात दारूला शिवला नाही असा माणूस हे ऐकतो आणि घराबाहेर पडणंच सोडतो. कुणी म्हणतं, "म्हातारपण आलं बापा, चालायचंच." पण हा आजार कधी कधी चाळिशीतही गाठतो. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांना १९८४ साली निदान झालं तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. पुढे १९९६ मध्ये थरथरत्या हातानं त्यांनी अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवली, ती जगानं पाहिली. त्यांनी हात लपवला नाही.

आणि आपल्या मराठवाड्यात तिसरी गोष्ट निघते, करणी आणि भानामतीची. देवऋषाकडे कोंबडं जातं, पैसा जातो आणि उपचाराची दोन-तीन वर्षं जातात. २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. आपण तर १९५६ साली दीक्षा घेताना हे सगळं टाकून दिलं. हा आजार मागच्या जन्मीचं पाप नाही. कारण शोधायचंच असेल तर याच जन्मातलं शोधावं. पॅराक्वाटसारख्या शेतातल्या विषारी औषधांचा या आजाराशी संबंध असल्याचं संशोधनात दिसून आलं आहे. आपली कितीतरी माणसं रोजंदारीवर फवारणीला जातात. त्यांनी तोंड-नाक झाकावं, हातमोजे घालावेत आणि मालकाकडे ते मागावेत.

आजार मुळासकट बरा करणारं औषध अजून नाही. पण लेव्होडोपाच्या गोळीनं माणूस वर्षानुवर्षं हिंडता-फिरता राहू शकतो. ही गोळी घड्याळ लावून घ्यायची असते. काहींना डाळ, दूध, अंडी, मटण यांच्यासोबत घेतली तर ती कमी लागू पडते, म्हणून जेवण आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारावं. बरं वाटलं किंवा पैसे संपले म्हणून एकदम बंद करू नये, ते धोक्याचं आहे. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं आहे, पण बाजारातल्या पुडीत ते किती आहे हे कोण सांगणार? चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले तर ओढू नका. "एक-दोन, एक-दोन" म्हणा, किंवा फरशीवर आडव्या रेघा आखून त्या ओलांडायला सांगा. पुष्कळदा पाऊल सुटतं.

गोळी डॉक्टर देतात, पण सोबत कोण देणार? या कामासाठी मुंबईत २००१ साली डॉ. भीमसेन सिंघल, डॉ. मारिया बॅरेटो आदींच्या पुढाकारानं 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' उभी राहिली. तिच्या आधारगटांत व्यायाम, बोलण्याचा सराव आणि समुपदेशन चालतं. पुण्याचं 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' तर पेशंट आणि त्यांच्या घरच्यांनीच चालवलेलं आहे. शोभनाताई तीर्थळी यांच्यासारखी माणसं तिथं मन लावून काम करतात. सभा होतात, सहली निघतात, एप्रिलमध्ये मेळावा भरतो. हृषीकेश पवार यांनी पुण्यात पेशंटना नृत्यही शिकवलं. मित्रमंडळात कुणाला 'पेशंट' म्हणत नाहीत. आजारी माणूस 'शुभार्थी' आणि सांभाळणारा 'शुभंकर'. शब्द बदलला की माणसाची मान वर होते.

पण पुणं-मुंबई आपल्याला लांब आहे. तपासणीसाठीच नांदेडची माणसं हैदराबाद गाठतात, लातूरची सोलापूर किंवा पुणं. एका खेपेला दोन माणसांची मजुरी बुडते. दर महिन्याच्या सभेला तिकडं कोण जाणार? म्हणून सोबत इथंच, आपल्या वस्तीत उभी राहिली पाहिजे.

शुभंकर बहुतेक घरांत बाईच असते. बायको, सून, नाहीतर लेक. रात्री कुशीवर वळवायला तीच उठते आणि सकाळी कामालाही तीच जाते. तिची विचारपूस कोण करतं? बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत, आजारपणातही ग्रंथ पुरा करता आला याचं श्रेय माईसाहेबांना आणि डॉ. मालवणकरांना दिलं होतं. एवढ्या मोठ्या माणसानं शुश्रूषेचं ऋण लिहून ठेवलं. आणि भगवान बुद्धांनी तर स्वतः आनंदाला सोबत घेऊन, घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला धुऊन-पुसून अंथरुणावर निजवलं होतं. सर्वांनी टाकलेल्या माणसाची सेवा हा आपल्याकडचा मोठा धम्म आहे.

म्हणून आम्ही देणगी मागायला आलेलो नाही. चार गोष्टी मागतो. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर दोन तास विहाराचं सभागृह या घरांसाठी खुलं ठेवा. भिंतीला लागून चार खुर्च्या ठेवा आणि पायऱ्यांना कठडा बसवा, कारण खाली बसता येत नाही म्हणून आमची माणसं वंदनेलाही येत नाहीत. तरुणांनी कागदपत्रांना मदत करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे, पण प्रमाणपत्रासाठी ऑनलाईन अर्ज आणि शासकीय रुग्णालयाच्या खेपा थकलेल्या घराला झेपत नाहीत. आणि शेजारच्या एखाद्या भगिनीनं आठवड्यातून दोन तास आजाऱ्याजवळ बसावं, म्हणजे त्या शुभंकर बाईला बाजार करता येईल, माहेरी जाऊन येता येईल, नाहीतर नुसतं झोपता येईल.

११ एप्रिलला जोतीरावांची जयंती आपण करतोच. त्या दिवशी दहा मिनिटं या आजारासाठी द्या. आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्यासाठी खुर्ची उचलायला चार पोरं पुढं या. ज्या माणसानं उमेदीत निळा झेंडा खांद्यावर वाहिला, तो हात थरथरतो म्हणून खिडकीतून मिरवणूक बघत बसू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

 सभा संपल्यावर आम्ही दाराजवळ थांबतो. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी न लाजता येऊन बोलावं.

नमो बुद्धाय! जयभीम!