पंखांची साक्ष



रब्बीची ज्वारी पोटरीत आलेली असताना आपण दूरदूरच्या मुलखांतून छत्रपती संभाजीनगरास येण्याची तोशीस घेतलीत, याबद्दल स्वागत समितीच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. या दिवसांत आमच्या शिवारात ज्वारीचा पोंगा उकलून पाहावा, तर पुष्कळदा आत दाटीने बसलेले तुडतुडे आढळतात. त्यांच्या गोडसर स्रावाने पाने चिकटतात, त्यांवर काजळी चढते, आणि ‘चिकटा पडला’ एवढ्या दोन शब्दांत शेतकरी साऱ्या आपत्तीचा पंचनामा करतो. परंतु चिकटा माव्यानेही पडतो, आणि ज्वारीचा तुडतुडा तर रस शोषण्याबरोबर विषाणुरोगही वाहून नेतो. तेव्हा अपराधी कोण, हे निश्चित करणे अगत्याचे ठरते.

येथे पंखांची साक्ष काढावयाची, पण ती पारखून घ्यावयाची. ज्वारीच्या या तुडतुड्याचे, म्हणजे पेरेग्रिनस मेडिसचे, आखूडपंखी आणि लांबपंखी असे दोन प्रकार एकाच ताटावर नांदतात. अन्न मुबलक असेतोवर आखूडपंखी माद्या जागच्या जागी वंश वाढवितात, आणि गर्दी होऊन ताट सुकू लागले म्हणजे लांब पंखांची पिढी निपजून दुसऱ्या शेताची वाट धरते. सबब पंखाच्या लांबीवरून जात ठरविणे मला सर्वथा धोक्याचे वाटते. शिरांची मांडणी अधिक विश्वासार्ह: पुढच्या पंखाच्या मागील पट्टीत दोन शिरा मिळून इंग्रजी ‘वाय’सारखी आकृती झाली असेल, तर कपाशीवरील तुडतुड्यांचे कुळ तेथेच बाद होते, पुढे टोकाकडचे गडद तपकिरी डाग ज्वारीच्या तुडतुड्याकडे बोट दाखवितात.

भाताचा प्रश्न याहून बिकट आहे. तपकिरी तुडतुडा, ज्याची निलापर्वता ही प्रजाती कीटकशास्त्रज्ञ डिस्टंट यांनी १९०६ साली स्थापिली, आणि पांढऱ्या पाठीचा तुडतुडा, या दोहोंच्याही पंखांच्या मागील कडेवर गडद ठिपका असतो. म्हणून एकाच्या मागल्या पावलावरील सूक्ष्म काटे आणि दुसऱ्याच्या पाठीवरील पांढरा पट्टा पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये. अविचाराने फवारलेल्या औषधाने कोळी व मित्रकीटक मरतात आणि तुडतुडे पूर्वीहून अधिक माजतात, हा अनुभव भातउत्पादकांनी फार महाग किमतीला घेतला आहे.

शेजारच्या दालनात सूक्ष्मदर्शके आणि पोंग्यांसह आणलेली ताजी ताटे मांडली आहेत. आपल्यासमवेत आमच्या तरुण कृषिसहायकांनाही तेथे बसू द्यावे, अशी प्रार्थना करून मी अध्यक्षमहाराजांना कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.