विमानाचा दीड तास

मुंबईत भावाचं ऑपरेशन, म्हणून गटातल्या एका ताईनं विमानाच्या तिकिटासाठी कर्ज मागितलं. "दीड तासात पोचते," म्हणाली.

आम्ही दारापासून हिशोब मांडला. नालवाडीहून नागपूर विमानतळ दोन तास, उड्डाणाआधी दोन तास, हवेतले सुमारे 680 किलोमीटर दीड तास, उतरून दवाखाना गाठायला दीड तास. झाले सात! रेल्वेनं वर्ध्याहून साडेसातशे किलोमीटर, बारा-तेरा तास. पण रात्र झोपेत जाते.

ऑपरेशन परवा होतं. ताई संध्याकाळच्या गाडीनं गेली, उरलेलं कर्ज औषधाला कामी आलं. ऑपरेशन त्याच दिवशी असतं, तर विमानालाच पैसे दिले असते. म्हणून मैत्रिणींनो, वेळ दारापासून दारापर्यंत मोजा.