दोन लोखंडांमधले रबर



मागच्या पंधरवड्यात एका विज्ञान-शिक्षकांचे पत्र आले. त्यांचा पुतण्या इंग्लंडात नोकरीला आहे. त्याने तिथे १९७२ सालची एम.जी.बी. ही दोन माणसांची जुनी स्पोर्ट्स मोटार हौसेने घेतली. खड्ड्यातून जाताना ती पुढून खटखटते आणि वेगात असली की भरकटते. तिथल्या मेकॅनिकने निदान केले, "बुश गेलेत." आता दुकानात रबराचे बुश आहेत, पॉलियुरेथेनचे आहेत, नायलॉनचेही आहेत. पुतण्या विचारतो, "काका, कोणते घालू?" काकांनी तो प्रश्न माझ्याकडे धाडला. मोटार विलायतेतली खरी, पण उत्तर तुमच्या गावच्या जीपलाही उपयोगी पडेल, म्हणून सर्वांनाच सांगतो.

बुश म्हणजे काय? चाक धरणारा आर्म जिथे मोटारीच्या सांगाड्याला जोडलेला असतो, तिथे दोन लोखंडांच्या मध्ये बसवलेला रबराचा जाड वेढा. त्याला दोन कामे करावी लागतात. आर्मला वरखाली हलू द्यायचे, पण चाक जागचे ढळू द्यायचे नाही. शिवाय रस्त्याचा हादरा आपल्या अंगावर घ्यायचा. शिक्षकबंधूंनी वर्गात एक खोडरबर दोन्ही टोकांना धरून पिळून दाखवावे. ते पिळले जाते आणि सोडताच मूळ आकाराला येते. चांगला रबरी बुश असाच चालतो. तो घासत नाही, पिळला जातो. म्हणूनच त्याला वंगण लागत नाही.

इथेच मी तरुणपणी चुकलो होतो. एका मालमोटारीचे पाटे करकरत होते. मी रबरी बुशांवर भरपूर तेल सोडले. करकर थांबली आणि मालक खूश झाला. पण काही महिन्यांतच रबर फुगून लिबलिबीत झाले आणि घाटात गाडी डुलू लागली. ड्रायव्हर सावध होता म्हणून निभावले. तेव्हापासून पक्के ध्यानात ठेवले आहे की साध्या रबराला खनिज तेल म्हणजे विष.

आता निवडीकडे वळू. पॉलियुरेथेन रबराहून कडक असते, तेलाला दाद देत नाही आणि पुष्कळ टिकते. वळणावर मोटार नेमकी चालते. मग तेच का घालू नये? कारण कडकपणा फुकट मिळत नाही. जो हादरा बुश गिळत नाही, तो पुढे जातो. एम.जी.बी. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनला बनत होती आणि पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. तिला वेगळी चासी नाही, पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. पन्नास वर्षांच्या, गंज खाल्लेल्या पत्र्यावर रोजचे धक्के कशाला द्यायचे? शिवाय पॉलियुरेथेनच्या बुशात मधली नळी घासत फिरते. त्याला त्याचे खास सिलिकॉन ग्रीस लागते, नाहीतर तो किंचाळतो. नायलॉन आणखी टणक. ते शर्यतीवाल्यांनी घ्यावे.

मधला मार्ग त्याच मोटारीच्या घरात आहे. १९७३ ते १९७६ या काळात तिचा आठ सिलिंडरांचा प्रकार निघाला होता. त्याच्या पुढच्या खालच्या आर्मचे बुश रबराचेच, पण धातूच्या नळीत घट्ट बसवलेले होते. ते साध्या एम.जी.बी.लाही बसतात. साध्या रबरी तुकड्यांपेक्षा चाक नीट धरतात आणि हादराही खातात. पुतण्याला रस्त्यावरच फिरायचे असेल, तर पुढे हे घालावेत आणि मागच्या पाट्यांना चांगले रबर.

खरेदीपूर्वी एवढे बघा. खटखट बुशाचीच आहे ना? गाडी नीट टेकू देऊन उचला आणि आर्मशेजारी पहार घालून हलवा. रबर थोडे दबले तर चालेल, पण चिरा पडल्या असतील किंवा मधली नळी एका बाजूला सरकली असेल, तर बदला. बदलताना दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. वर्षानुवर्षे फळीवर पडलेले "नवे" रबर घेऊ नका, कारण रबर न वापरताही म्हातारे होते. बसवताना साबणाचे पाणी लावा, तेल नको.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रबरी बुशाचा बोल्ट गाडी हवेत लटकत असताना पक्का आवळू नका. चाके जमिनीवर टेकवा, गाडीचे वजन येऊ द्या, मगच आवळा. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. उत्तम बुशही या एका घाईने वाया जातात.

तेव्हा गुरुजी, पुतण्याला कळवा, सर्वांत कडक तो सर्वांत चांगला असे नव्हे. दोन लोखंडांमध्ये कुणीतरी मऊ असावेच लागते, पण ते लेचेपेचे मात्र नसावे.