तारण, शास्त्र आणि बाई

(प्रतापनगर, नागपूर येथे ‘धर्म आणि स्त्री’ या विषयावरच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



धर्म आणि स्त्री या विषयावर आपण मनुस्मृतीबद्दल बोलतो, तलाकबद्दल बोलतो, देवदासींबद्दल बोलतो. ख्रिस्ती धर्माची पाळी आली की दोन वाक्यांत आटोपतं घेतो. मिशनऱ्यांनी शाळा-दवाखाने काढले, हे एक वाक्य. ख्रिस्ती बायका शिकलेल्या असतात, त्यांना फारसा जाच नसतो, हे दुसरं. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आसपास, त्यामुळे बोलताना हे खपून जातं. सल्लाकेंद्रात बसणाऱ्या बाईला मात्र एवढ्यावर भागवता येत नाही. समोर बसलेली म्हणते, ‘नवरा मारतो, पण शास्त्रात अधीन राहायला सांगितलंय, मी देवाविरुद्ध कशी जाऊ?’ यावर ‘ते शास्त्र ठेवा बाजूला’ असं उत्तर दिलं की ती पदर सावरून उठते आणि परत येत नाही.

म्हणून आज आपण तिच्या श्रद्धेत नेमकं काय आहे ते पाहू. सगळा ख्रिस्ती धर्म एका भाषणात मावणार नाही. मी इव्हँजेलिकल म्हणजे सुवार्तावादी विचाराबद्दल, आणि त्यातही जुन्या कडव्या वळणाच्या विचाराबद्दल बोलणार आहे. वस्त्यांमधल्या अनेक प्रार्थनासभा या विचाराच्या असतात.

पहिली गोष्ट, इव्हँजेलिकल हे एका चर्चचं नाव नाही. हा विश्वासाचा एक प्रवाह आहे. प्रोटेस्टंट पंथांत तो सगळीकडे कमी-अधिक आढळतो. आपल्या भागाला तो नवा नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. १८८३ साली सुरू झालेल्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचं नाव आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तीही नागपुरातच. पाळक आणि प्रचारक तयार करणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी ही इव्हँजेलिकल विचाराची संस्था १९५३ पासून शेजारच्या यवतमाळला होती. १९८३ साली ती पुण्याला गेली. तेव्हा हे सगळं काल-परवा परदेशातून आलेलं आहे, असं समजू नका.

आता मुख्य सिद्धांत. मी पाच सांगते.

पहिला, शास्त्र. बायबल हे देवाच्या प्रेरणेने लिहिलेलं आहे, त्यात चूक नाही, आणि विश्वासाच्या व वागणुकीच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. कॅथलिक चर्च शास्त्राच्या जोडीने परंपरेला आणि पोपच्या अधिकाराला मानतं. इथे तसं नाही. १९७८ साली शिकागोला जमलेल्या इव्हँजेलिकल विद्वानांनी शास्त्राच्या या निर्दोषपणाबद्दल एक सविस्तर निवेदनच काढलं.

दुसरा, येशू ख्रिस्त. देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं त्याचं त्रैक्य आहे. येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. तो कुमारीच्या पोटी जन्मला, वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी देहासह उठला आणि पुन्हा येणार आहे. ही रूपकं आहेत असं उदारमतवादी ख्रिस्ती कधी कधी म्हणतात. इव्हँजेलिकल माणूस ते मानत नाही. त्याच्या लेखी हे सगळं खरोखर घडलं.

तिसरा, पाप. प्रत्येक माणूस पापी आहे. राजा, पुरोहित, सज्जन गृहस्थ, कुणीही सुटलेला नाही.

चौथा, तारण. माणूस पुण्य करून, उपास करून, देणगी देऊन देवापर्यंत पोचत नाही. त्याच्या पापाची शिक्षा ख्रिस्ताने स्वतःवर घेतली. त्यावर विश्वास ठेवणाऱ्याला क्षमा फुकट, कृपा म्हणून मिळते. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ख्रिस्ताखेरीज तारण नाही आणि न्यायाचा दिवस टळणार नाही, असं ते ठामपणे मानतात. इतर धर्मांच्या माणसाला हे बोचतं. सुवार्ता सांगत फिरण्याची त्यांची निकड मात्र इथूनच येते.

पाचवा, नवा जन्म. जन्माने कुणी ख्रिस्ती होत नाही. आईबाप ख्रिस्ती असले तरी मुलीला स्वतः पश्चात्ताप करावा लागतो, स्वतः विश्वास ठेवावा लागतो. नंतर चारचौघांत उभं राहून साक्ष द्यायची असते.

आता हेच पाच सिद्धांत बाईच्या जागी बसून पाहा. नवरा हाच देव, त्याची सेवा हाच मोक्ष, असं लहानपणापासून ऐकलेल्या बाईला कुणी सांगतं की तुझा नवराही तुझ्याइतकाच पापी आहे आणि तुझं तारण त्याच्या हातात नाही. विधवेला सांगितलं जातं की तू अपशकुनी नाहीस. सगळ्यांच्या वाट्याला आहे तेवढंच पाप तुझ्या वाट्याला, आणि सगळ्यांना मिळते तीच क्षमा तुला. तिला देवाशी थेट बोलता येतं. मध्ये भटजी नको, सासू नको. घरात जिचं बोलणं कुणी ऐकत नाही, ती सभेत उभी राहून स्वतःची हकिगत सांगते आणि लोक ऐकतात. शास्त्र वाचायचं म्हणून ती अक्षरं शिकते. ही ओढ आपण समजून घेतली नाही, तर गहू-तांदळाच्या लोभाने गेली, एवढाच अर्थ आपल्याला लागतो.

धर्म बदलणाऱ्याच्या मनाबद्दल घाईने निकाल देऊ नये, हे नागपूरकरांना तरी सांगायला नको. मिशनऱ्यांच्या धर्मांतर-कार्याची चौकशी करणाऱ्या, मध्यप्रदेश सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल १९५६ साली आला. तिचे अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. त्याच वर्षी बाबासाहेबांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा दिली, तेव्हा ती घेणाऱ्यांत नियोगीही होते. दुसऱ्यांचं धर्मांतर तपासणाऱ्या माणसाने स्वतः विचार करून धर्म बदलला. एका न्यायाधीशाला जे स्वातंत्र्य आपण सहज देतो, ते वस्तीतल्या बाईला देताना आपण का कचरतो?

आणि हा निर्णय नवऱ्यामागून फरफटत जाण्याचा असतोच असं नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला १९०० साली. मधली पाच वर्षं त्यांची स्वतःची होती. आधी त्या दूर राहिल्या, मग नवऱ्याजवळ राहूनही आपल्या आचारविचाराला धरून राहिल्या आणि पटलं तेव्हाच पाऊल टाकलं. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हे आठवत असेल.

आता पंडिता रमाबाई. त्यांना आपण आद्य स्त्रीवादी म्हणतो, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या १८८७ सालच्या पुस्तकाबद्दल बोलतो, शारदा सदनाबद्दल बोलतो, आणि केडगावच्या मुक्ती मिशनपाशी आलो की अवघडतो. एवढी बुद्धिवादी बाई एवढी कट्टर श्रद्धाळू कशी झाली, हा प्रश्न आपल्याला पडतो. क्रम नीट पाहू. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी मान तुकवली नाही. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व यांवर त्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असं घाटत होतं. हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर तिकडे तिचं नाव खराब होईल म्हणाले. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर शास्त्रार्थ केला, तिला हे ऐकवलं गेलं! एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरीच्या हाती जाण्यासाठी नव्हे, अशी रमाबाईंची भूमिका होती. शास्त्र मी मानीन, पण ते माझ्या विवेकाने वाचीन, हा त्यांचा आग्रह.

पुढे १८९१च्या सुमारास त्यांना वाटू लागलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. तिथून त्या पूर्णपणे सुवार्तावादी झाल्या. या श्रद्धेने त्यांना घरात बसवलं नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्या आपल्या मध्यप्रांतात हिंडल्या आणि शेकडो मुली-विधवांना सोबत घेऊन गेल्या. १९०५ साली मुक्तीत जे जागरण झालं, ते मुली-बायकांच्या प्रार्थनेतून उभं राहिलं. त्याची वार्ता मिनी अब्राम्स यांच्या लेखनातून थेट चिलीपर्यंत पोचली. आणि रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सगळ्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्याआधी काम पुरं झालं होतं. शास्त्राचा अधिकार सर्वोच्च असेल, तर त्याचा अर्थ सांगणाऱ्या मधल्या पुरुषावर विसंबायचं कशाला, मूळ भाषाच शिकू, असा हा सरळ हिशेब आहे. ही कृती कट्टर श्रद्धेतूनच निघाली, हे आपण मान्य केलं पाहिजे.

मग ‘अधीन राहा’ कुठून येतं? तेही त्याच शास्त्रातून. इफिसकरांच्या पत्रात पौल पतीला पत्नीचं मस्तक म्हणतो. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात बाईने पुरुषाला शिकवू नये असं आहे. शास्त्रात चूक नाही म्हटल्यावर ही वचनं गाळता येत नाहीत. १९८७ साली अमेरिकेत डॅनव्हर्स इथे काही इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी निवेदन तयार केलं. स्त्री-पुरुष देवापुढे समान, पण घरात आणि चर्चमध्ये नेतृत्व पुरुषाचं, अशी त्याची मांडणी आहे. भूमिका वेगळ्या, मोल सारखं, हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे; फक्त ग्रंथ बदलला.

पण तिथेही सगळे गप्प बसले नाहीत. १९८८ साली अमेरिकेतच इव्हँजेलिकल स्त्री-पुरुषांनी ‘ख्रिश्चन्स फॉर बिब्लिकल इक्वॅलिटी’ ही संघटना काढली. शास्त्राचा अधिकार तेही मानतात. ते म्हणतात, पत्नीला सांगण्याआधीचं वाक्य वाचा. तिथे सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन व्हावं असं आहे. पुढे नवऱ्याला सांगितलंय की ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तशी बायकोवर प्रीती कर. गलतीकरांच्या पत्रात ख्रिस्तामध्ये स्त्री-पुरुष हा भेद उरत नाही असं आहे. पुनरुत्थानाची पहिली बातमी मग्दालीया मरीयेने पुरुषांना दिली. प्रिस्किल्ला नावाच्या बाईने नवऱ्यासोबत एका विद्वान पुरुषाला शिकवलं. म्हणजे भांडण शास्त्र मानणाऱ्या आणि न मानणाऱ्यांचं नाही. एकच शास्त्र मानणाऱ्यांमध्ये ते चालू आहे.

हे भांडण मंडळीपुरतं राहत नाही, कोर्टापर्यंत जातं. १८६९च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून देणं असं आणखीही काही सिद्ध करावं लागे. नुसता मार पुरेसा नव्हता. १९९७ साली मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाविरोधी ठरवली. २००१ साली संसदेने कायदा बदलला. क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं, परस्परसंमतीची सोय झाली. त्यामागे ख्रिस्ती बायकांची अनेक वर्षांची खटपट होती. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तर सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे. पण पाळक म्हणाला की क्षमा कर, प्रार्थना कर, घरी जा, तर कायदा कपाटातच राहतो.

मग सल्लाकेंद्रात आपण काय करायचं? तिच्या श्रद्धेची उलटतपासणी घेऊ नये. तिला विचारावं, हे वचन तुला कुणी वाचून दाखवलं? त्याच्या आधीचं आणि नंतरचं तू स्वतः वाचलंस का? नवऱ्याला सांगितलेलं त्याला कुणी वाचून दाखवलं? क्षमा म्हणजे मार खात राहणं, असं कुठे लिहिलंय? या प्रश्नांची उत्तरं तिच्याजवळ असतात, तिच्या पिशवीतल्या बायबलमध्ये असतात. गरज असेल तर समजूतदार पाळक किंवा मंडळीतली जाणती बाई सोबत घ्यावी. त्याच दिवशी संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता, वकिलाचं नाव आणि रात्री राहायला जागा हेही तिच्या हातात द्यावं. श्रद्धा आणि अर्ज या दोन्ही गोष्टी एका वेळी चालू शकतात.

तिने देव सोडावा की धरावा, हे आपण ठरवायचं नाही. देवाच्या नावाने तिला मार खायला कुणी पाठवू नये, एवढं मात्र आपण ठरवू शकतो. आज इथे बसलेल्या ख्रिस्ती मैत्रिणींना माझी विनंती आहे की पुढच्या अभ्यासवर्गात इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय त्यांनी आम्हाला वाचून दाखवावा. आपण सगळ्या मिळून त्यावर बोलू.