तिशीच्या आतल्या बाईने परदेशी जाऊ नये?

(वसईतील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वेळी व्हिसा या विषयावर बोलायचं ठरलं, तेव्हा आमच्या नालासोपाऱ्याच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, आम्हाला विरार लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही, आम्हाला कसला व्हिसा सांगतेस?" सगळ्या हसल्या. पण त्याच बैठकीत मी विचारलं, तुमच्या घरातलं किंवा चाळीतलं परदेशी कोण आहे? बसलेल्या अकरा जणींपैकी सात जणींचे हात वर गेले. कुणाचा नवरा दुबईला मिस्त्री, कुणाची नणंद कुवेतला घरकामाला, कुणाची भाची इंग्लंडात म्हाताऱ्यांची सेवा करायला. वसई गावातल्या बायका इथे आहेत, त्यांना तर आखात आणि बोट नवी नाही. तेव्हा हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे.

मी ज्या बाईमुळे या प्रश्नात पडले तिच्यापासून सुरुवात करते. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. वय सव्वीस, शिक्षण सातवी, दोन मुलं, नवरा सोडून गेलेला. चार घरची धुणीभांडी करून खोलीचं भाडं निघायचं, बाकी काही निघायचं नाही. वस्तीतल्या एका एजंटाने दुबईला घरकाम देतो म्हणून सांगितलं. तिने मंगळसूत्र मोडलं, बचत गटातून कर्ज काढलं आणि मुलं आईकडे ठेवून ती गेली. गेली ती व्हिजिट व्हिसावर, म्हणजे कागदोपत्री दुबई बघायला गेलेली पाहुणी म्हणून.

पोचल्याच्या दिवशी मालकिणीने पासपोर्ट काढून घेतला. पहाटे पाचला काम सुरू व्हायचं आणि घरातलं शेवटचं माणूस झोपल्याशिवाय संपायचं नाही. व्हिसाची मुदत संपली तशी ती बेकायदा ठरली. पाच महिन्यांत एका महिन्याचा पगार हातात पडला. तिची बहीण माझ्याकडे आली तेव्हा मी एका कचेरीत गेले. तिथल्या माणसाने फाइल उघडायच्या आधीच सांगितलं, "मॅडम, ती नोकरीला गेलेलीच नाही. आमच्याकडे तिची नोंदच नाही." आणि तो खोटं बोलत नव्हता, हेच तर दुःख आहे.

मग ती अशी का गेली? रीतसर का नाही गेली? आम्हा सुशिक्षित बायकांचा हा आवडता प्रश्न. सुरुवातीला मीही तो विचारला होता.

आपल्याकडे 1983 चा उत्प्रवासन कायदा आहे. जो माणूस दहावी पास नाही त्याच्या पासपोर्टवर, काही अपवाद सोडले तर, ईसीआर अशी नोंद असते. अशा माणसाला आखाती देश धरून 18 देशांत नोकरीला जायचं असेल तर सरकारची परवानगी लागते. ही परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आहे प्रोटेक्टर, म्हणजे रक्षणकर्ता. हेतू चांगला होता. गरीब, अशिक्षित मजुराला एजंटाने फसवू नये, करार तपासला जावा. पण बाईच्या बाबतीत या रक्षणाने वेगळंच रूप घेतलं. ईसीआर पासपोर्टवर नोकरीला जाणारी बाई किमान 30 वर्षांची हवी. पुरुषाला ही अट नाही. एकवीस वर्षांचा सातवी पास मुलगा बांधकामावर जाऊ शकतो. त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, दोन मुलांची आई असलेली बाई जाऊ शकत नाही. 2016 पासून तर अशा बायकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी असा नियम आला. घरकामाला बाई नेणाऱ्या मालकाने 2500 डॉलरची बँक हमी द्यावी, अशीही अट होती. कुवेतने तिच्यावर आक्षेप घेतला आणि 2017 मध्ये कुवेतपुरती ती मागे घेतली गेली.

आता गंमत बघा, गंमत म्हणायची तर. ईसीआरची परवानगी फक्त नोकरीला जाताना लागते. फिरायला जाताना लागत नाही. म्हणजे रक्षणकर्त्याने पुढचं दार लावलं आणि मागचं उघडं राहिलं, आणि त्या मागच्या दाराशी एजंट बसला. जी बाई करार घेऊन, विमा घेऊन, नोंद होऊन गेली असती, ती यातलं काहीच नसताना गेली. सरकारने तिला थांबवलं नाही. तिच्या हातातला कागद तेवढा काढून घेतला. बिनकागदाची बाई मार खाल्ला तरी पोलिसात जाऊ शकत नाही, कारण आधी अटक तिलाच होते.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. नेपाळने 2012 मध्ये तिशीच्या आतल्या बायकांना आखातात घरकामाला जायला बंदी केली. तेव्हा त्या भारतात येऊन, इथल्या विमानतळांवरून जात राहिल्या. श्रीलंकेने लहान मुलांच्या आयांवर बंधनं घातली होती. आई परदेशी गेली की मुलं बिघडतात, बाप गेला तर मात्र घर सुधारतं, असा तो न्याय. पण 2022 मध्ये देशात डॉलरचा खडखडाट झाल्यावर त्याच सरकारने बायकांचं किमान वय 21 वर आणलं. रक्षणाची काळजी कुठे गेली ते विचारू नका.

झालं आपल्या सरकारचं. आता ज्यांच्या दाराशी आपण जातो त्यांचं. दुबईने 2024 च्या अखेरीस व्हिजिट व्हिसासाठी परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, खात्यातले पैसे हे सगळं कडकपणे तपासायला सुरुवात केली. त्यात मोठ्या संख्येने भारतीयांचे अर्ज नाकारले गेले. युरोपातल्या बहुतेक देशांच्या नागरिकाला तिथे विमानातून उतरल्यावर शिक्का मिळतो. आपल्या बायकांना हॉटेलचं खोटं बुकिंग एजंटाकडून विकत घ्यावं लागतं, म्हणजे कर्ज आणखी वाढतं. नियम कडक झाला की जाणारी थांबत नाही, एजंटाचा दर वाढतो.

पासपोर्ट ही मला तर एक जातच वाटते. जन्माने चिकटते, आणि विहिरीवर कुणी यायचं ते ठरवते. आपल्या वसईचंच उदाहरण घ्या. इथे परेरा आहेत, डिमेलो आहेत. गोव्यातही आहेत. गोवा 1961 च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांकडे होता, म्हणून त्याआधी तिथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्या पासपोर्टवर 2020 संपेपर्यंत ते इंग्लंडात थेट जाऊन राहू शकत होते आणि हजारो गेले. वसई चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये घेतली. तेव्हा मडगावची परेरा विमानात, आणि वसईची परेरा व्हिसाच्या रांगेत. आडनाव एक, प्रार्थना एक. फरक तो दोन लढायांमधल्या वर्षांचा.

अमेरिकेत तर हिशेबच मांडून ठेवला आहे. नोकरीवरून मिळणारी वर्षाची साधारण 1,40,000 ग्रीन कार्डं, त्यातली कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना 7 टक्क्यांहून जास्त नाहीत. छोट्याशा आइसलँडलाही तेवढीच मर्यादा आणि भारतालाही. त्यामुळे आपल्या माणसांची रांग काही दशकांची झाली आहे. रांगेत उभा असतो नवरा, पण घरात बसते बायको. तिचा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला. 2015 पर्यंत तिला नोकरीच करता येत नव्हती, तेव्हापासून काहीजणींना येते. इंजिनिअर झालेल्या मुली तिथे दहा-दहा वर्षं "आश्रित" या शिक्क्याखाली राहिल्या. नवरा मारत असेल तर कुठे जायचं? त्याला सोडलं की व्हिसाही सुटतो.

आणि इंग्लंड. तिकडे म्हाताऱ्यांच्या सेवेला आपल्याकडच्या कितीतरी मुली गेल्या, कारण करोनानंतर त्यांना माणसं हवी होती. 11 मार्च 2024 पासून नियम आला की या कामावर नव्याने येणारीने मुलं-नवरा आणायचा नाही. त्यांच्या आईला आंघोळ घालायला या, तुमची मुलं तिकडेच ठेवा. पुढे 22 जुलै 2025 पासून परदेशातून अशी भरतीच बंद झाली.

याच इंग्लंडात 1979 च्या जानेवारीत काय झालं होतं ते तरुण मुलींना माहीत नसेल. लग्नासाठी आलेल्या एका 35 वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य तपासणी केली गेली. वाग्दत्त वधूला व्हिसा लागत नसे. ती खरंच "अविवाहित" आहे का हे त्यांना तिच्या शरीरावरून तपासायचं होतं. वर्तमानपत्रात बातमी आली, तिथल्या आशियाई बायकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, आणि ती प्रथा बंद झाली. भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही अशा तपासण्या झाल्याचे कागद पुढे कित्येक वर्षांनी बाहेर आले. गोऱ्या देशातून आलेल्या वधूला हे कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्यांवर बोट ठेवताना आपल्या वस्तीत काय चाललंय तेही बघावं लागेल. नालासोपाऱ्यात पोलीस कागद तपासायला येतात तेव्हा बांगला बोलणाऱ्या बाईला आधी बाजूला काढलं जातं, मग ती मुर्शिदाबादची का असेना. त्या वेळी आपल्यापैकी किती जणी तिच्या बाजूला उभ्या राहतात? आमच्या गटात यावरून भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही.

थोडं कामाचं सांगते, लिहून घ्या. एजंट नोंदणीकृत आहे का ते ई-मायग्रेटच्या यादीत बघता येतं. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त फी घेता येत नाही. रीतसर जाणाऱ्या ईसीआर कामगाराचा 10 लाखांचा विमा असतो, दोन वर्षांचा हप्ता फक्त 275 रुपये. "व्हिजिटवर जा, तिकडे बदलून देतो" हे वाक्य ऐकलं की उठून यायचं. आणि 1983 चा कायदा बदलायचा म्हणून सरकारने 2025 मध्ये नव्या कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला आहे. बाईच्या वयाची अट काढा, तिला करार आणि दाद मागायची जागा द्या, असं आपल्या संघटनांनी लेखी कळवायला हवं.

आमची ती बाई परत आली. दुबईने 2024 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुदत संपलेल्यांना दंड माफ केला, त्यात सुटली. पगार बुडाला, कर्ज तसंच आहे. आल्यावर महिन्याभराने ती ऑफिसात आली. मला वाटलं, परदेशाचं नाव काढणार नाही. ती म्हणाली, "ताई, मला परत जायचंय, पण या वेळी कागदाने." तीस पूर्ण व्हायला तिला तेव्हा तीन वर्षं होती. दहावी पास झाली तर ईसीआरची नोंदच जाते, आणि नोंद गेली की वयाची अटही जाते. म्हणून आता ती सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणार आहे. मराठी, इतिहास होतंय. बीजगणित अडलंय. इथे कुणाला गणित शिकवता येत असेल तर चहाच्या वेळी मला भेटा. तिची शेवटची धुणीभांडी सात वाजता संपतात, त्यानंतरची वेळ हवी.