जातमुचलका
(युवक मेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर)



मी कविता लिहितो, पण आज कविता वाचणार नाही. गोदीत माल उचलतो, तिथल्याच भाषेत बोलतो. विषय जामिनाचा.

जहाजातून उतरलेला माल शेडमध्ये पडून राहिला की मालकाला डॅमरेज लागतं. दिवसाच्या हिशेबानं. मालक फोनवर बोंबलतो, एजंट धावत सुटतो, बाँडवर सही मारून माल बाहेर काढतो. आता माणूस घ्या. कोर्टानं जामीन मंजूर केला, ऑर्डरवर शिक्का बसला, तरी माणूस आतच. का? तर जामीनदार नाही. त्याचं डॅमरेज कोण भरतं? त्याची बायको भरते. शाळा सोडून कामाला लागलेलं पोर भरतं.

आमच्या टोळीतल्या एकाचं हेच झालं. चोरीचा आळ. पंधरा हजारांचा एक जामीनदार द्या, म्हणाले. आम्ही बारा जण गेलो. कारकून विचारतो, घराचे कागद? झोपडी. पगारपत्रक? रोजंदारी. गावाकडं सातबारा? आम्ही एकमेकांकडं बघून हसलोच. सात पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्यांना सातबारा विचारतोय! मग म्हणाला, तहसीलदाराकडून सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट आणा. म्हणजे चार खाडे, चार रोज बुडाले. अन् फाटकाबाहेर भाड्याचे जामीनदार उभेच, खोट्या रेशनकार्डासकट, रेट ठरलेला. सरळ दार बंद करायचं, अन् माणूस खिडकीतून आला की त्याच्यावर आणखी एक केस ठोकायची.

हे आजचं नाही. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला खुद्द सुप्रीम कोर्टानं जामीन दिला होता. खाली मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला तर म्हणाला, याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, चालणार नाही. गवंडी पुन्हा सुप्रीम कोर्टात. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं, हजार रुपयांच्या त्याच्या स्वतःच्या बाँडवर सोडा. पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून खटल्यात बिहारचे तुरुंग उघडे पडले. गुन्ह्याला जेवढी शिक्षा, त्याहून जास्त वर्षं लोक नुसते खटल्याची वाट बघत आत पडलेले.

ह्याला चाळीसावर वर्षं झाली. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारातले तीन! गुन्हा शाबीत नाही, शिक्षा चालू.

आता एक शब्द सांगतो, जातमुचलका. कोर्टातला जुना शब्द. यातली 'जात' आपल्या मानगुटीवर बसलेली ती नव्हे. ही फारसीतून आलेली, म्हणजे स्वतः. 'जातीनं हजर राहा' म्हणतो ना, ती. जातमुचलक्यावर सुटणं म्हणजे स्वतःच्या लेखी शब्दावर सुटणं. कागदावर ही सोय आहे. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर त्याला गरीब समजा आणि जातमुचलक्यावर सोडा, असं २००५ च्या दुरुस्तीपासून कायदाच म्हणतो. पण अजामीनपात्र कलम लागलं की ही आठवड्याची सोय संपली. अन् आपल्या पोरांना कलम कुठलं लावतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

२०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आलीय. तिच्या ४७९ कलमात म्हटलंय, पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत गेला असेल, तर सोडा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच कलमात पुढं पाचर मारलीय. एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर ही सवलत नाही. आता सांगा, गावात कोंबडी चोरीला गेली तरी ज्याच्या पालावर पोलिस पहिले जातात, त्या पारध्यावर एकच केस असेल? इंग्रजांनी १८७१ साली जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. ठाण्यातल्या वहीतून गेला का?

मागणी मोठी नाही. जामीन मंजूर होऊन सात दिवस झाले आणि माणूस केवळ जामीनदाराअभावी आत असेल, तर कलम कुठलंही असो, जातमुचलक्यावर सोडा. दिल्लीकडं बोट दाखवू नका. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्य दुरुस्ती करू शकतं. आणीबाणीत उत्तर प्रदेशानं आपल्या हद्दीतून अटकपूर्व जामीनच उडवला, अन् २०१९ साली परत आणला. हिसकावून घ्यायला राज्याला अधिकार पुरतो, मग द्यायला कसा पुरत नाही? आपल्या आमदारांना हे विचारायला जायचंय.

तोवर दोन कामं. सुप्रीम कोर्टानं ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय, जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधिकाऱ्यानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिना उलटला तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करू शकतं. आपल्या वस्तीतलं कोण किती दिवस आत आहे, याची वही घाला आणि प्राधिकरणाच्या टेबलावर नेऊन आपटा.

दुसरं जरा कडू आहे. आपल्यातले काही बँकेत आहेत, रेल्वेत आहेत, मंत्रालयात आहेत. चौदा एप्रिलला वर्गणी देतात. पण जामीनदार राहा म्हटलं की, 'तुमच्या भानगडीत आम्हाला ओढू नका.' साहेब, तुमची पगाराची स्लिप एका माणसाला बाहेर काढते. तो तारखेला आला नाही तर रक्कम तुमच्या गळ्यात पडेल, हे खरं. म्हणून प्रत्येक तारखेला त्याला कोर्टात घेऊन जायचं काम आम्ही गोदीवाल्यांनी वाटून घेतलंय.

सभा संपली की दाराशी वही घेऊन बसतो. स्लिपवाल्यांनी नाव आणि पत्ता लिहून जा. रात्रपाळीला जायचंय, नऊपर्यंतच आहे मी.